सातबारा बापाच्याच नावावर राहिला तर? जमीन-जुमल्याची व्यवस्था जिवंतपणीच कशी करून ठेवावी, वाचा सविस्तर

बुलढाणा : गावात कुणी कर्ता माणूस गेला की दहावा-तेरावा होतो, पाहुणे परत जातात आणि सातबारा आहे तिथंच राहतो. मयताच्या नावावर. दोन-तीन वर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही. मग कधी पीककर्ज लागतं, कधी विमा भरायचा असतो, कधी रस्त्यात जमीन जाते आणि मोबदल्याची नोटीस येते. त्या दिवशी कळतं की सरकारदरबारी जमिनीचा मालक अजून बापच आहे, नाहीतर थेट आजा आहे. तोवर वारस चारचे चौदा झालेले असतात. एक पुण्यात, एक सुरतला, एक आत्या गेलेली आणि तिची पोरं आपल्याशी बोलत नाहीत.

ही अडचण मोठी असल्यामुळेच 2025 मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली. ती आधी आपल्या बुलढाणा जिल्ह्यात राबवली गेली आणि मग शासनाने राज्यभर नेली. मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची नावं सातबाऱ्यावर आणणं हा तिचा उद्देश. पण मोहीम येते आणि जाते. खरं काम घरातच करायचं असतं, आणि तेही कर्ता माणूस धडधाकट असताना. त्यासाठी काय काय करता येतं, कोणता कागद कशाला चालतो आणि लोक कुठं फसतात, ते पाहू.

आधी हिशेब समजून घ्या : वारस कोण?

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 लागू होतो. माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याची मालमत्ता आधी पहिल्या वर्गाच्या वारसांकडे जाते. यात मुलगा, मुलगी, विधवा बायको आणि आई हे मुख्य. मुलगा आधीच वारला असेल तर त्याची विधवा आणि मुलं त्याच्या वाट्याला येतात. बाप मात्र पहिल्या वर्गात नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

समजा, एका शेतकऱ्याने स्वतःच्या कमाईतून 6 एकर जमीन घेतली. तो वारला. मागे बायको, दोन मुलं आणि एक लग्न झालेली मुलगी. आई हयात नाही. वाटे चार. म्हणजे प्रत्येकी दीड एकर, 60 गुंठे. आई हयात असती तर वाटे पाच झाले असते. मुलीचं लग्न झालंय, तिला हुंडा दिला, तिच्या लग्नात खर्च केला, ही कारणं कायद्यात चालत नाहीत. तिचा वाटा भावाएवढाच.

वडिलोपार्जित जमिनीबाबतही आता मुलगी मुलाच्या बरोबरीने आहे. महाराष्ट्राने 1994 लाच अविवाहित मुलींना हा हक्क दिला होता. 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर सगळ्या मुलींना तो जन्माने मिळाला. त्या तारखेला बाप जिवंत होता का, हा वाद बरीच वर्षं चालला. सुप्रीम कोर्टाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा प्रकरणात तो मिटवला : बाप आधी वारला असला तरी मुलीचा हक्क जात नाही. फक्त 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली वाटणी उकरून काढता येत नाही.

'वडिलोपार्जित' शब्दातही गोंधळ आहे. बापाकडून आली ती सगळी वडिलोपार्जित, असं गावात धरून चालतात. पण 1956 नंतर बापाच्या मागे वारसाने आलेली प्रत्येक जमीन कायद्याने वडिलोपार्जित ठरतेच असं नाही. म्हणून जुने फेरफार काढून एकदा वकिलाला दाखवलेले बरे. ती जमीन तुम्ही पूर्ण मृत्युपत्राने देऊ शकता की फक्त तुमचा हिस्सा, हे त्यावरच ठरतं.

बाईच्या नावावरच्या जमिनीचा नियम वेगळा आहे. तिच्या मागे आधी मुलं-मुली आणि नवरा. ते कुणीच नसतील तर नवऱ्याचे वारस. पण जमीन तिला आई-बापाकडून आली असेल आणि मूलबाळ नसेल, तर ती बापाच्या वारसांकडे परत जाते.

मुस्लिम कुटुंबांत वारसाचे हिस्से शरियतप्रमाणे ठरतात. मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशापर्यंतच देता येतं. त्यापुढे, किंवा एखाद्या वारसालाच जादा द्यायचं तर, बाकी वारसांची संमती लागते.

वारस नोंद : पहिलं आणि सोपं काम

घरात कुणी वारलं की मृत्यूची नोंद 21 दिवसांत ग्रामपंचायतीत करा. दाखल्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवा. बँक, विमा, सोसायटी, तलाठी, सगळीकडे लागतात.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी) कळवायचं असतं. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सातबारा व 8अ, वारसांची नावं-पत्ते आणि नातं सांगणारं प्रतिज्ञापत्र, वंशावळ आणि आधार एवढं साधारण लागतं. अर्ज ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्याही करता येतो. तलाठी वारसांची नोंद गाव नमुना 6क मध्ये घेतो, चौकशी करतो, फेरफार धरतो आणि नोटीस काढतो. 15 दिवसांत कुणाची हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो. नोटीस लागली का, हे 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर मोबाईलवर दिसतं. फेरफार चुकीचा झाला असं वाटलं तर प्रांताधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत अपील करता येतं.

इथं सगळ्यात मोठी चूक होते ती बहिणींची नावं गाळण्याची. 'तिला काही नको आहे' असं म्हणून भाऊ प्रतिज्ञापत्रात बहिणीचं नावच लिहीत नाही. हे खोटं प्रतिज्ञापत्र होतं आणि तो गुन्हा आहे. बहिणीला खरंच नको असेल तर रस्ता सरळ आहे : आधी सगळ्यांची नावं लावा, मग तिने स्वतःच्या मर्जीने दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं. साध्या कागदावर किंवा नोटरीसमोर लिहून दिलेल्या हक्कसोडीने जमिनीवरचा हक्क जात नाही. आणि राखी पौर्णिमेला बोलावून न वाचताच सही घेतलेला दस्त पुढे कोर्टात उभा राहतो, हेही ध्यानात ठेवा.

एक गोष्ट आणखी. सातबारा हा महसुली कागद आहे. त्यावर नाव लागलं म्हणून मालकी पक्की झाली आणि नाव नाही म्हणून हक्क गेला, असं होत नाही. कुणाचं नाव वीस वर्षं सातबाऱ्यावर नाही म्हणून ती बहीण वारस राहिली नाही, हा गैरसमज आहे.

जुने शेरे साफ करा

आपला सातबारा आजच काढून नीट वाचा. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत ऑनलाइन मिळतो. त्यात हे शेरे शोधा :

ए.कु.मॅ. किंवा ए.कु.क. : म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर किंवा कर्ता. आजोबा गेल्यावर थोरल्या भावाचं एकट्याचं नाव या शेऱ्याने लागलेलं असतं. धाकट्यांची नावं त्यात दिसत नाहीत, पण हक्क सगळ्यांचा असतो. पुढच्या पिढीत थोरल्याची पोरं 'जमीन आमच्या बापाचीच' म्हणू लागतात. भांडण इथूनच सुरू होतं. जुना फेरफार काढून बाकीची नावं लावून घ्या.

अ.पा.क. : अज्ञान पालनकर्ता. मुलगा लहान असताना आईचं किंवा चुलत्याचं नाव पालक म्हणून लागतं. मूल 18 वर्षांचं झालं की अर्ज करून हा शेरा कमी करून घ्या.

इतर हक्क : जुन्या सातबाऱ्यावर बहिणींची नावं या रकान्यात टाकलेली सापडतात. फेडलेल्या सोसायटीचा किंवा बँकेचा बोजाही इथंच लटकत राहतो. बेबाकी दाखला देऊन तो कमी करा.

आणि बायकोचं नाव. लक्ष्मी मुक्ती योजना 1992 पासून आहे. नवऱ्याने स्वखुशीने अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. नवरा गेल्यावर दिरांच्या दारात उभं राहायची वेळ ज्या बाईवर येते, तिच्यासाठी ही एक ओळ फार मोठी आहे.

जिवंतपणी करायचे चार कागद

1) वाटणीपत्र. आपल्याकडे तोंडी वाटण्या फार. बाप बांधावर उभा राहून सांगतो, 'हे तुझं, ते त्याचं', आणि तीस वर्षं तसं चालतंही. पण सातबारा सामाईकच राहतो. सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटणीसाठी अर्ज करता येतो, किंवा दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत वाटणीपत्र करता येतं. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2025 मध्ये घेतला आहे. एकाचाही विरोध असेल किंवा हक्काचाच वाद असेल तर मात्र दिवाणी कोर्ट.

वाटणीत नुसते एकर-गुंठे लिहून भागत नाही. विहीर कुणाच्या हिश्शात आणि पाण्याची पाळी कशी, मोटारीचं मीटर कुणाच्या नावावर, पाइपलाइन कुणाच्या वावरातून, मागच्या हिश्शात बैलगाडी-ट्रॅक्टर जायला रस्ता कुठून, बांधावरचा आंबा-लिंब कुणाचा, हे सगळं लिहा. भावाभावांत एकरावरून जेवढी भांडणं होत नाहीत तेवढी पाळीवरून आणि रस्त्यावरून होतात. वाटणीनंतर भूमी अभिलेखकडून पोटहिश्शाची मोजणी करून घेतली तर नकाशाही वेगळा होतो.

2) मृत्युपत्र. याला स्टॅम्पपेपर लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणीची सक्ती नाही, पण केलेली बरी. करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि निदान दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र पाहिजेतच. साक्षीदारांनी करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा सही आपलीच असल्याचं त्याने त्यांना स्वतः सांगितलेलं असावं. पुढे वाद झाला तर कोर्टात निदान एका साक्षीदाराला येऊन सांगावं लागतं, म्हणून साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान, गावातच राहणारे आणि ज्याला मालमत्ता मिळणार त्याच्या घरचे नसलेले घ्या. वय जास्त असेल तर डॉक्टरचा 'मन सुदृढ आहे' असा दाखला त्याच तारखेचा जोडा.

मृत्युपत्र जिवंतपणी कितीदाही बदलता येतं, शेवटचं खरं धरतात. त्यामुळे नव्यात 'आधीची सर्व रद्द' असं लिहा. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा बरोबर लिहा. कुणाला कमी किंवा काहीच देत नसाल तर त्याचं कारण दोन ओळीत लिहा. नाव न घेता वगळलेला वारस आधी कोर्टात जातो. आणि आपला हिस्सा नसलेली जमीन मृत्युपत्राने देता येत नाही. वडिलोपार्जित जमिनीत पोरांचा-पोरींचा जन्मजात हिस्सा आहे, तो तुमच्या सहीने जात नाही.

3) बक्षीसपत्र. हयातीतच देऊन टाकायचं असेल तर हा दस्त. नोंदणी आणि दोन साक्षीदार बंधनकारक. नोटरीचं बक्षीसपत्र जमिनीला चालत नाही. बायको, मुलगा, मुलगी, नातू-नात यांना शेतजमीन किंवा राहतं घर दिलं तर मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे, बाजारभावाच्या टक्केवारीने मुद्रांक लागत नाही. मात्र नोंदणी झाली की ते मागे घेणं फार अवघड.

म्हणून म्हाताऱ्या आई-बापांनी इथं थांबून विचार करावा. 'बाबा, नावावर करून द्या, आम्ही सांभाळतो' म्हणणारं लेकरू दस्त झाल्यावर बदललं तर काय? ज्येष्ठ नागरिक कायदा 2007 च्या कलम 23 प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न केल्यास परत मिळवता येते. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. पण ती अट दस्तात लिहिलेली असली पाहिजे. 'देणाऱ्याचा हयातभर अन्न, वस्त्र, औषधपाणी आणि राहण्याचा सांभाळ करण्याच्या अटीवर' एवढं वाक्य लिहायला विसरू नका. त्याहून चांगलं म्हणजे सगळं देऊच नका. म्हातारपणासाठी एखादा तुकडा आणि राहतं घर आपल्या नावावर राहू द्या, बाकीचं मृत्युपत्रात लिहा.

4) हक्कसोडपत्र. याबद्दल वर आलंच आहे. नोंदणीकृतच हवं.

आता मुखत्यारपत्राबद्दल. 'दादांनी मला पॉवर दिलेली आहे' असं सांगून जमीन पाहणारे काही जण असतात. मुखत्यारपत्र देणारा वारला त्या क्षणी ते संपतं. त्यावर नंतर केलेला व्यवहार टिकत नाही.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

बँकेत नॉमिनी म्हणून थोरल्याचं नाव आहे, म्हणून पैसे त्याचेच, असं नाही. नॉमिनी बँकेकडून पैसे उचलतो, पण ते वारसांचे असतात आणि हिश्शाप्रमाणे द्यावे लागतात. बँक खात्याला 1 नोव्हेंबर 2025 पासून चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. आयुर्विम्यात मात्र 2015 पासून नियम बदलला आहे : बायको, मुलं किंवा आई-बाप नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच धरली जाते. म्हणजे लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीवर अजून भावाचं नाव असेल तर ते आजच बदला. जुन्या खात्यांवर नॉमिनीच नसतो, तेही तपासा. नॉमिनी नसला की मोठ्या रकमेसाठी कोर्टाकडून वारस दाखला आणावा लागतो, त्यात वेळ जातो.

घराच्या बाबतीत ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका काढून घ्या आणि त्यावरचं नाव बरोबर आहे का पाहा.

कर्जाची भीती

'नाव लावलं तर बापाचं कर्ज अंगावर येईल' म्हणून काही जण वारस नोंदच टाळतात. वारसाला जी मालमत्ता मिळाली, तिच्या मर्यादेतच मयताचं कर्ज फेडायची जबाबदारी असते. स्वतःच्या कमाईला ते लागत नाही. नाव न लावल्याने बोजा जात नाही, उलट नवं पीककर्ज, पीएम किसानचे वर्षाचे 6000 रुपये, भूसंपादनाचा मोबदला, सगळंच अडतं.

तुकडे किती पडणार?

वरचाच हिशेब पुढे न्या. 6 एकरांचे चार वाटे, प्रत्येकी 60 गुंठे. पुढच्या पिढीत एका वाट्याचे पुन्हा चार झाले तर 15 गुंठे. 2023 मध्ये शासनाने बहुतेक जिल्ह्यांसाठी ठरवलेलं प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे आहे. तुकडेबंदी कायद्यामुळे त्याखाली शेतजमिनीची वाटणी करून स्वतंत्र सातबारा निघायला अडचण येते. नावं सामाईक राहतात आणि 15 गुंठ्यांत सोयाबीन पेरून कुणाचंच भागत नाही. म्हणून नोकरी-धंद्याला बाहेर असलेल्या वारसाला पैशाच्या, घराच्या किंवा प्लॉटच्या रूपाने वाटा देऊन जमीन कसणाऱ्याकडे एकत्र ठेवता येईल का, हे बाप जिवंत असतानाच बोललं पाहिजे. तो गेल्यावर हा विषय कुणी काढला तरी बाकीच्यांना त्यात डाव दिसतो.

घरात एक वही करा

एका वहीत हे लिहा आणि बायकोला व निदान एका मुला-मुलीला ती कुठं आहे ते सांगा :

- सगळे गट नंबर, 8अ चे खाते नंबर, खरेदीखतं कुठं ठेवली आहेत
- बँक, पोस्ट, पतसंस्था, सोसायटीची खाती आणि त्यावरचे नॉमिनी
- विम्याच्या पॉलिसी, त्यांच्या हप्त्याच्या तारखा
- कुणाचं देणं, कुणाकडून येणं, उसनवारीसुद्धा
- गहाण सोनं, ट्रॅक्टर-मोटारसायकलचे कागद, वीज मीटर नंबर
- मृत्युपत्र केलं असेल तर ते कुठं आहे आणि साक्षीदार कोण

ही वही वर्षातून एकदा, पाडव्याला किंवा अक्षय तृतीयेला, उघडून दुरुस्त करा. घरात लग्न झालं, मूल झालं, कुणी वारलं, जमीन घेतली-विकली किंवा कर्ज फिटलं, तर त्याच महिन्यात मृत्युपत्र आणि नॉमिनी पुन्हा तपासा. एकदा करून ठेवलेला आणि वीस वर्षं न पाहिलेला कागद कधीकधी नसलेल्या कागदापेक्षा जास्त भांडण लावतो.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि कमी उत्पन्न असणाऱ्यांना तिथं मोफत सल्ला व वकील मिळतो. महिलांना तर उत्पन्नाची अट नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन 15100 आहे.

(वरील माहिती सर्वसाधारण आहे. प्रत्येक घराचे फेरफार आणि नातीगोती वेगळी असतात. दस्त करण्याआधी जुने कागद घेऊन जाणकार वकिलाचा सल्ला जरूर घ्यावा.)